बरे झालेल्यांची परतवाट

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं आपल्या भागाच्या इतिहासावर कांहीं लिहावें, अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हां माझ्या मनांत प्रथम आल्या त्या देवळाच्या दप्तरांतील नोंदवह्या. बाप्तिस्म्याची वही असते, विवाहाची असते, मृत्यूची असते. ख्रिस्तसभेची ही शिस्त कित्येक शतकांची आहे, आणि इतिहास लिहिणारावर तिचे उपकार मोठे आहेत. एखाद्या जुन्या वर्षीं मृत्यूच्या वहीचीं पानें भराभर भरलेलीं दिसलीं, कीं त्या वर्षीं गांवांत साथ आली होती हें वाचणाराच्या ध्यानांत येतें. परंतु त्याच साथींत जे आजारी पडले, मरणाच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि परत आले, त्यांची वही कोठेंच नसते. ज्याला पुरलें त्याची तारीख आपणांस ठाऊक. जो अंथरुणावरून उठला तो पुन्हा हंसला कीं नाहीं, त्याला रात्रीं झोंप लागली कीं नाहीं, शेजारीपाजारी त्याच्या घरचें पाणी प्याले कीं नाहीं, हें कोणी लिहून ठेविलें नाहीं.

प्रिय वाचकहो, या लेखांत त्या परत आलेल्या माणसांविषयीं लिहावें असें मीं योजिलें आहे. विषय थोडा आडवाटेचा आहे हें मी जाणतों. पण आपण सर्वच नुकते एका मोठ्या साथींतून बाहेर पडलों आहों. आणि पापनिवेदनाच्या गुपिताशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं, अशा चहा पितांनाच्या साध्या बोलण्यांतून जें माझ्या कानांवर आलें, त्यानें हा विषय मला सोडूं दिला नाहीं.

आपला शीळफाटा हा वाटांचा मेळ आहे. मुंब्र्याकडून येणारी वाट, कल्याण-डोंबिवलीकडून येणारी, महापे गांवाकडून येणारी आणि पनवेलकडे जाणारी, अशा या वाटा येथें भेटतात. आज येथें नांदणाऱ्या आपणां बहुतेकांचें मूळ घर दुसरीकडे आहे; कोणी वसईकडचा, कोणी गोव्याचा, कोणी नगर जिल्ह्याचा, कोणी मंगळूर अथवा केरळकडचा. पोटामागें माणूस ज्या वाटेनें येतो त्याच वाटेनें साथहि येते, आणि साथीच्या चार पावलें पुढें भीति धांवते. ठाणें आणि कल्याण यांनीं हा अनुभव सव्वाशें वर्षांपूर्वीं पुरता घेतला.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत तापानें व काखेंत-जांघेंत उठणाऱ्या गांठींनीं माणसें पटापट मरूं लागलीं. हा प्लेग होय, असें निदान करून तें उघड बोलून दाखविणारे वैद्य म्हणजे डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. हे आपल्याच धर्माचे, मूळचे गोव्यांतील हडफडें गांवचे. पुढें ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आणि धोबीतलावास मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. त्या चौकांतून रोज हजारों माणसें जातात. पुतळा कोणाचा हें विचारणारा क्वचित् भेटतो.

१८९१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरांत होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तींतील जवळजवळ निम्मीं माणसें शहर सोडून गेलीं. आगगाडी १८५३ मध्यें ठाण्यापर्यंत व १८५४ मध्यें कल्याणपर्यंत आली होती. पळणारांचा मोठा लोंढा याच रुळांवरून गेला. कल्याण स्टेशनावर उतारूंस तपाशीत, आणि ज्याचें अंग तापलेलें लागे त्याला बाजूस काढीत. ज्यानें मुंबईंत एक नातलग पुरला अथवा जाळला व उरलेल्यांस घेऊन गांवची वाट धरली, त्याची ही दुसरी परीक्षा. अंगांत ताप असो वा नसो, त्या रांगेंत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या मनांत तो होताच.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती घ्यावी, रोग्यास इस्पितळांत न्यावें, घरच्यांस कारंटीनच्या झोंपड्यांत ठेवावें, असे अधिकार सरकारास मिळाले. ज्या घरांत रोगी सांपडे त्याचीं कौलें काढून आंत ऊन सोडीत, भिंतींस चुना लावीत, चिंध्या व चटया जाळीत; मुंबईंत तर कित्येक खोल्यांवर, माणसानें राहण्यास अयोग्य, अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें रंगवीत. पुण्यास झडतीच्या कामीं गोरे सोजीर नेमले, लोक संतापले, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँडसाहेबावर गोळी झाडली. इतिहासाचीं पुस्तकें येथून पुढें खटल्याकडे व फांशीकडे वळतात. त्यांना तें योग्यच आहे. माझें मन मात्र त्या काळच्या एका अनामिक गृहस्थापाशीं घोटाळतें. प्लेगांतून वांचणारे थोडे, पण वांचत. गांठ पिकून फुटे, जखम भरून यावयास आठवडे लागत, चालतांना पाय लटपटत. असा मनुष्य घरीं येई, तों घराला छप्पर नाहीं, अंथरूण जळालेलें, बायकोमुलें कारंटीनांत, आणि दारावर ती खूण. अंगाचा रोग इस्पितळांत राहिला. हा दुसरा रोग घरीं वाट पाहत बसलेला.

पुण्याचीच आणखी एक गोष्ट सर्वांस माहीत आहे. सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉक्टर यशवंत यांच्यासह हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याकडील एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः उचलून आणिलें, त्यांतच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. तो मुलगा वांचला असें सांगतात. सावित्रीबाईंचें चरित्र येथें संपतें. मी मात्र अनेकदां त्या मुलाचा विचार करतों. ज्या हातांनीं आपणांस उचललें ते हात आपल्याच रोगानें गेले, हें ओझें घेऊन तो लहानाचा मोठा झाला असेल. आजचे मानसवैद्य याला वांचल्याचा अपराधभाव म्हणतात. जुन्या लोकांपाशीं हें नांव नव्हतें. ओझें तेवढेंच होतें.

आतां आपल्या लोकांकडे वळूं. मुंबई बेट व साष्टी येथील ख्रिस्ती गांवठाणांत, म्हणजे ज्यांनीं १८८७ पासून स्वतःस ईस्ट इंडियन म्हणविलें त्या समाजांत, प्लेगच्या वर्षांत वाड्यांच्या तोंडाशीं व वाटेच्या वळणांवर क्रूस उभारले गेले. वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडणारास ते आजहि भेटतात. गिरगांवांतील खोताच्या वाडीचा क्रूस १८९९ सालचा. वाटेवर क्रूस उभा करण्याची चाल त्याहून पुष्कळ जुनी, पोर्तुगीज अमलांतली आहे. पण या वर्षांत उभारलेल्यांस लोक अजून प्लेगचे क्रूस म्हणतात. कोणी रोग येऊं नये म्हणून नवस केला, कोणी रोगांतून उठल्यावर फेडला.

या क्रुसांपाशीं काय होतें, हें नीट पाहण्याजोगें आहे. संध्याकाळीं दिवे लागले, कीं वाडींतील माणसें, पोरेंबाळें, म्हातारींकोतारीं तेथें जमतात. जपमाळ होते, लितानी गाइली जाते, आणि शेवटीं उकडलेले चणे वांटतात. मे महिन्यांत कित्येक गांवठाणांत ही चाल अजून पाळली जाते. शिकलेल्या मनुष्यास ती भाबडी वाटेल. मलाहि तरुणपणीं वाटत असे, हें कबूल करतों. आतां पन्नाशी उलटल्यावर मला तींत मनाच्या औषधाचे बहुतेक घटक दिसतात. कोंडलेल्या खोलींतून माणूस उघड्या हवेंत येतो. त्याला दिवसांतील एक ठराविक घटका मिळते. कारण दुःखितापाशीं वेळच उरत नाहीं, त्याची सकाळ आणि संध्याकाळ सारखीच असते. लितानीचें उत्तर एकच असून पुन्हा पुन्हा येतें, म्हणून ज्याला शब्द सुचत नाहींत त्यालाहि तें म्हणतां येतें, आणि ज्याचा कंठ दाटला त्याच्या वांट्याचें शेजारी म्हणतात. आणि मग ते चणे. एकाच पातेल्यांतले, एकाच हातानें वांटलेले. ज्याच्या घरीं महिन्यापूर्वीं प्लेग होता त्याच्याहि ओंजळींत पडावयाचे. त्या ओंजळीस कोणा डॉक्टरच्या दाखल्याची गरज नव्हती.

आपल्या लोकांनीं ही कल्पना शून्यांतून काढिली नव्हती. १५७६ सालीं मिलान शहरांत प्लेग आला, तेव्हां तेथील आर्चबिशप सांत चार्ल्स बोरोमेओ यांनीं चवाठ्यांवर वेद्या मांडविल्या, अशा हेतूनें, कीं घरांत कोंडलेल्या माणसांस खिडकींतून मिस्सा दिसावी. आणि मिलानच्या चौकांत त्या काळच्या आठवणीचे क्रूस उभे राहिले. रोगाच्या दृष्टीनें माणसें अलग, आणि मनाच्या दृष्टीनें एकत्र, ही युक्ति साडेचारशें वर्षांपूर्वींची आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें माझें कर्तव्य आहे. क्रुसाला उंदीर भीत नाहींत. हाफकिन या शास्त्रज्ञानें मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढच्या वर्षीं सिमों या फ्रेंच वैद्यानें कराचीस दाखवून दिलें, कीं उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसांत आणतात. प्लेग मागें हटला त्यांत अशा शोधांचा, स्वच्छतेचा व मोकळ्या घरांचा वांटा आहे. क्रुसाखालीं जमून लशीस नाहीं म्हणणें ही देवाची परीक्षा पाहणें होय, असें मी प्रवचनांत म्हणत आलों आहें व येथेंहि म्हणतों. मी जें श्रेय देतों आहें तें निराळें आहे. लस रोग येऊं देत नाहीं. रोगांतून उठलेल्याला माणसांत परत आणणें हें लशीचें कामच नव्हे.

प्लेगचा कैवारी म्हणून ज्याला आपण मानतों, त्या सांत रोकची कथा या दृष्टीनें पुन्हा वाचण्यासारखी आहे. देवळांतील त्याची मूर्ति सर्वांच्या परिचयाची: मांडीवर गांठ, पायाशीं तोंडांत भाकरी धरलेला कुत्रा. परंपरा सांगते, कीं इटलींत प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्याला स्वतःस रोग झाला, तो रानांत जाऊन पडला, आणि एका कुत्र्यानें त्याला रोज भाकरी आणून दिली. येथवर आपण मुलांस सांगतों. पुढचा भाग सहसा सांगत नाहीं. तो बरा होऊन स्वदेशीं परतला, तेव्हां त्याला कोणी ओळखिलें नाहीं. हेर समजून त्याला कैदेंत टाकिलें, आणि त्या कैदेंतच तो वारला. प्लेग त्याला मारूं शकला नाहीं. परत घेण्यास कोणी नव्हतें, त्यानें तो गेला. कथेंत इतिहास किती व श्रद्धा किती, हें विद्वानांनीं ठरवावें. पण ज्यांनीं ती रचिली वा जतन केली, त्यांना प्लेगानंतरचे दिवस चांगले ठाऊक होते, एवढें निश्चित.

सेमिनरींत असतांना लेवीय या पुस्तकाचा चौदावा अध्याय आम्हीं घाईनें उरकला होता. कातडीचे डाग, पक्षी, तेल, सात दिवस: या साऱ्याचा आजच्या ख्रिस्ती माणसाशीं संबंध काय, असें आम्हां पोरांस वाटे. २०२० नंतर तो अध्याय मी पुष्कळदां वाचला आहे. त्वचारोगामुळें वस्तीबाहेर घातलेला मनुष्य बरा झाला, तर त्यानें काय करावें एवढेंच तेथें सांगितलेलें नाहीं. याजकानें काय करावें हें सांगितलें आहे. याजकानें स्वतः वस्तीबाहेर जावें, त्याला पाहावें, विधि करावा. मग त्यानें वस्तींत यावें, पण सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहावें. आठव्या दिवशीं पुन्हा अर्पण, आणि त्याच्या कानास, हाताच्या व पायाच्या अंगठ्यांस तेल लावावें. म्हणजे बरें होणें ही एक गोष्ट, आणि परत येणें ही दुसरी. दुसरीला आठ दिवस, साक्षीदार आणि स्पर्श लागतो. कुणीतरी चालत त्याच्याकडे जावें लागतें. प्रभु येशूनेंहि बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यांस याजकांकडे पाठविलें, याचें कारण हेंच. नाहीं तर त्यांना गांवांत घेतलें कोणी असतें?

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाविषयीं मला थोडकेंच सांगावयाचें आहे. जूनमध्यें तो मुंबईंत आला, सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्याची दुसरी लाट आली, आणि हिंदुस्थानांत सव्वा कोटीहून अधिक माणसें त्यानें नेलीं असा अंदाज आहे; दोन कोटींपर्यंतचेहि अंदाज आहेत. म्हणजे प्लेगनें वीस वर्षांत जें केलें तें यानें कांहीं महिन्यांत केलें. तरी प्लेगचे क्रूस आहेत, मानमोडीचा क्रूस माझ्या पाहण्यांत नाहीं. लोक या तापास मानमोडी म्हणत. तो इतक्या लौकर आला आणि गेला, कीं नवस करावयास व फेडावयास माणसांस उसंत मिळाली नाहीं. आणि ज्याची आठवण ठेवण्यास जागा नाहीं, तें दुःख घराघरांत मुकें होऊन बसतें.

कुष्ठरोगाकडे मात्र अधिक थांबून पाहिलें पाहिजे, कारण ती गोष्ट आपल्या शेजारची आहे. कल्याणास पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरोगानें पिडलेल्यांची वस्ती आहे. शीळफाट्याहून कल्याणास जातांना आपण पुष्कळ जण त्या बाजूनें जातों. नौदलांतून निवृत्त झालेले डोंबिवलीचे गजानन माने यांनीं या वस्तींतील लोकांसाठीं वर्षानुवर्षें काम केलें, आणि २०२३ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. वृत्तपत्रांत बातमी आली तेव्हां आमच्यांतील कित्येकांस प्रथमच कळलें, कीं अशी वस्ती आपल्या इतक्या जवळ आहे.

कुष्ठरोगाचा जंतु हान्सेन या नॉर्वेच्या वैद्यानें १८७३ सालीं शोधिला. हिंदुस्थानांत १८९८ सालीं कायदा झाला, कीं निराधार रोग्यांस धरून आश्रयस्थानांत ठेवावें. १९८० नंतर तीन औषधांची एकत्र योजना आली. ती सहा महिने, अथवा रोग अधिक पसरला असल्यास एक वर्ष घ्यावयाची. घेऊं लागल्यापासून थोड्याच अवधींत त्या मनुष्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचें थांबतें. भारत सरकारनें जाहीर केलें, कीं २००५ च्या डिसेंबरांत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्यानें हा रोग आटोक्यांत आला. नवे रोगी मात्र अजून सांपडतात. आतां कायद्याकडे पाहा. १८९८ चा तो कायदा रद्द झाला २०१६ सालीं. नवऱ्यास वा बायकोस कुष्ठरोग झाला हें घटस्फोटाचें कारण म्हणून अनेक विवाहकायद्यांत होतें. तें काढण्यास २०१९ उजाडावें लागलें. औषधानें माणूस एका वर्षांत बरा होई, आणि कायद्याला तें मान्य करावयास पस्तीसाहून अधिक वर्षें लागलीं. समाजाला किती लागतील?

अडचण अशी आहे, कीं जंतु मरतो, पण मेलेल्या शिरा परत येत नाहींत. बोटांना संवेदना नसते, म्हणून चटका बसलेला कळत नाहीं, जखम होते, बोट झडतें. बरा झालेला मनुष्य अशा रीतीनें जन्मभर आजारी दिसतो. त्याचें अंग रोगमुक्त असतें, आणि लोकांच्या डोळ्यांत रोग तसाच राहतो. अशा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हें मीं एका वृद्धाकडून ऐकलें आहे; त्याचें गांव-नांव सांगणार नाहीं. तो म्हणाला, "फादर, मला औषधानं बरं केलं त्याला चाळीस वर्षं झाली. पण दुकानदार सुटे पैसे हातात देत नाही, फळीवर ठेवतो. रोज एकदा मी आजारी पडतो." सेवाग्रामांत महात्मा गांधींनीं परचुरेशास्त्र्यांस आपल्या कुटीजवळ जागा दिली व स्वतःच्या हातानें त्यांच्या अंगास मालीश केलें, त्यांतील वैद्यक जुनें झालें असेल, तो हात जुना झालेला नाहीं. बाबा आमट्यांनीं वरोऱ्यास आनंदवन उभारलें, तेव्हां बऱ्या झालेल्यांच्या हातांत त्यांनीं दानाचें ताट दिलें नाहीं, कुदळ आणि माग दिला. मनाच्या उभारीचें हें दुसरें मोठें औषध: आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतों हा अनुभव. सहानुभूतीनें जें होत नाहीं तें कधीं कधीं कामानें होतें.

आतां २०२० सालाविषयीं. महाराष्ट्रांत कोविडचे पहिले रोगी मार्चमध्यें सांपडले, २५ मार्चपासून सर्व देश घरांत बसला, देवळें बंद झालीं, तीं १६ नोव्हेंबरास पाडव्याच्या दिवशीं उघडलीं. २०२१ च्या एप्रिलांत पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबरास उघडलीं. हें आवश्यक होतें, मी त्याविरुद्ध बोलत नाहीं. पण प्लेगच्या लोकांपाशीं जें होतें, तें आपणांपाशीं नव्हतें. ना चवाठा, ना चणे. ३० मार्च २०२० रोजीं मुंबई महापालिकेच्या एका परिपत्रकानें कोविडनें मेलेल्या सर्वांचें दहनच करावें असें म्हटलें. तें लगेच बदललें, तरी दफनाविषयीं वाद चालूं राहिला, आणि २२ मे रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें काळजीपूर्वक दफन करण्यास हरकत नाहीं असा निर्णय दिला. मधल्या दिवसांत ज्यांनीं आपलें माणूस गमावलें, त्यांतील एक भगिनी मला म्हणाल्या, कीं पतीला नेलें तें एका पांढऱ्या पिशवींत, आणि ती पिशवी त्यांचीच होती हें मला अजून पटत नाहीं. त्या स्वतःहि त्याच आठवड्यांत आजारी होत्या व बऱ्या झाल्या. सर्वांनीं त्यांना सांगितलें, देवाची कृपा, तुम्ही वांचलांत. त्या मान डोलावीत आणि घरीं येऊन दार लावून घेत.

मीहि त्या रोगांतून गेलों. सोळा दिवस इस्पितळांत होतों. प्राणवायूच्या नळीविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं, तें सर्वांनीं ऐकलेलें आहे. सांगण्यासारखें आहे तें नंतरचें. घरीं आल्यावर मला प्रार्थनापुस्तकाचें एक पान सलग वाचतां येईना. स्तोत्र मध्यापर्यंत जाई आणि पहिली ओळ काय होती हें आठवत नसे. रात्रीं दोन वाजतां जाग येई, श्वास मोजीत बसें. मिस्सेंत अर्पणाचे शब्द चुकतील या भीतीनें हात थरथरत. पंचवीस वर्षें दुसऱ्यांस धीर देत आलेल्या मला वाटलें, कीं ही माझ्या श्रद्धेची उणीव आहे. आणि म्हणून मीं तें कोणास सांगितलें नाहीं. तीन महिने सांगितलें नाहीं. मग एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंनीं मला सरळ विचारिलें, "तुझा पाय मोडला असता तर पापनिवेदनाला गेला असतास कीं हाडांच्या डॉक्टराकडे?" मी डॉक्टराकडे गेलों. औषध चार महिने घेतलें, बोलणें त्याहून अधिक दिवस चाललें, आणि झोंप परत आली.

ही उणीव श्रद्धेची नव्हे, याला आतां पुरावा आहे. २०२१ सालीं लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकांत, मुख्यतः अमेरिकेंतील दोन लाख छत्तीस हजारांहून अधिक कोविड-रोग्यांच्या नोंदी तपासून लिहिलेला निबंध आला. रोग झाल्यापासून सहा महिन्यांत त्यांतील सुमारें एकतृतीयांश माणसांस मेंदूचा वा मनाचा कांहीं विकार असल्याचें निदान झालें होतें. चिंता व मनाची अस्वस्थता यांत अधिक आढळली. जे अधिक गंभीर आजारी होते त्यांच्यांत प्रमाण अधिक. म्हणजे रोगाचा पाय मनाच्या घरांतहि पडतो. तेथें उपदेशानें काम भागत नाहीं, आणि तूं वांचलास हेंच पुष्कळ समज, असें म्हणणें तर क्रूरपणाचें आहे.

आमच्याकडे या वाटेंत एक जुना धोंडा आहे. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें, प्लेगच्याच दिवसांतलें. त्याच्या भिंतींमुळें मुंबई-कल्याणच्या बोलींत एक थट्टा रूढ झाली: अमक्याला ठाण्याला पाठवा. ही थट्टा मीं लग्नघरांत ऐकली आहे, शाळेंत ऐकली आहे, आणि खेदानें सांगतों, देवळाच्या आवारांतहि ऐकली आहे. तिच्या भयानें किती जणांनीं रात्री मोजून काढल्या असतील? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असे उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा सुरू झाली, १४४१६ या क्रमांकावर पैसे न घेतां मराठींत बोलतां येतें. तो क्रमांक आमच्या सूचनाफलकावर लावला आहे. पहिले दोन महिने तो कागद कोणीतरी फाडून टाकी. मग लक्षांत आलें, कीं फाडणारा द्वेषानें फाडीत नव्हता. सर्वांदेखत लिहून घ्यावयास लाज वाटते, म्हणून कागदच खिशांत घालून नेत असे. आतां आम्ही त्याच्या दहा-बारा चिठ्ठ्या करून खालीं टांचून ठेवितों.

त्या भगिनींविषयीं लिहावयाचें राहिलें. त्यांच्याकडे आमच्या जपमाळमंडळांतील दोघी दर बुधवारीं जात. प्रथम त्या दार उघडीत नसत. या दोघी जिन्यावर बसून जपमाळ म्हणत व निघून येत. सातव्या का आठव्या बुधवारीं दार उघडें होतें. पुढच्या मे महिन्यांत आवारांतील क्रुसापाशीं लितानी झाली, तेव्हां चण्यांचें पातेलें त्यांच्या घरून आलें. उकडतांना मीठ थोडें अधिक पडलें होतें. कोणी कांहीं बोललें नाहीं, पातेलें रिकामें झालें.

या ज्युबिलीच्या वर्षीं, येत्या सांत रोकच्या सणापासून, म्हणजे १६ ऑगस्टपासून, देवळाच्या मागच्या मेजावर दोन वह्या ठेवाव्यात असें ठरलें आहे. एकींत साथीच्या वर्षांत वारलेल्यांचीं नांवें, दुसरींत त्यांतून बरे झालेल्यांचीं. मिस्सेंत दोन्ही वाचावयाचीं. लोकांस कल्पना यावी म्हणून दोन्ही वह्या आतांपासूनच ठेविल्या आहेत. पहिलीचीं चार पानें एका रविवारांतच भरलीं. दुसरींत, हा लेख छापखान्यांत जाईपर्यंत, पांच नांवें आलीं आहेत. त्यांतील एक माझें आहे. आणि एक नांव पेन्सिलीनें लिहून पुसलेलें, मग पुन्हा शाईनें लिहिलेलें आहे.